न मारलेली थाप

वैनगंगेच्या दोन्ही काठांना मिळून माझ्या साडूइतका थापाड्या माणूस आजवर झालेला नाही, हे मी कुठल्याही कोर्टात हात वर करून सांगायला तयार आहे. मी गोंदियातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. सव्वीस वर्षांत पोरांची किती खोटी कारणं ऐकली याला गणती नाही. एका पोरानं दर चाचणीला आजी मारली. अशा त्याच्या पाच आज्या मी पोचवल्या. पण पोरं बिचारी मार चुकवायला खोटं बोलतात, त्यात त्यांचा काही फायदा तरी असतो. माझ्या साडूच्या थापेत फायदा औषधालाही सापडत नाही. बाजारातून वांगी आणली तर तो सरळ 'वांगी आणली' म्हणणार नाही. वांगीवालीनं त्याला कसं ओळखलं, तिच्या घरचा पंखा यानंच कसा एकदा सुरू करून दिला, आणि म्हणून तिनं ही वांगी टोपलीच्या तळातून, खास याच्यासाठी झाकून ठेवलेली कशी काढली, हे सगळं आधी ऐकायचं. मग वांगी पाहायची. ती किडकी निघतात. त्याचंही कारण त्याच्याकडे तयार असतं, किडा फक्त गोड वांग्यालाच लागतो म्हणे.

हा माणूस लाइनमन आहे. होता म्हणायला पाहिजे, पण ते पुढे येईल. राहतो मुर्रीला, गोंदियाच्या अगदी काठाशी, थोडी धानाची शेती आहे. नोकरीची पहिली सात वर्षं त्यानं चिचगडच्या जंगलात काढली आणि त्या सात वर्षांच्या जोरावर पुढची वीस वर्षं आम्हाला पिडलं. त्यातली अस्वलाची गोष्ट तर आमच्या दोन्ही घरांतल्या लेकरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली. हा खांबावर तार जोडतोय, खाली अस्वल येऊन बसलं, आणि याला चार तास वर लटकावं लागलं, एवढीच मूळ गोष्ट. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली तेव्हा अस्वल एक होतं. थोरल्या मुलीच्या बारशाला दोन झाली. पुढे त्यांना पिल्लं झाली, पिल्लं खांबावर चढायला लागली, आणि एका दिवाळीत यानं वरून डब्यातली भाकर टाकली तेव्हा मोठ्या अस्वलानं मान हलवून आभार मानले. मी तिथल्या तिथं म्हणालो, "पुढच्या खेपेला ते बिल भरायला येईल." सगळे हसले, तोही हसला. त्याचं एक बरं असायचं, थाप पकडली तरी चिडायचा नाही. मला मात्र पकडल्याशिवाय चैन पडायची नाही. बायको म्हणायची, तुमचं काय जाते, बोलू द्या ना त्याले. पण मास्तरकी अंगात मुरलेली. चूक दिसली की लाल शाई हाताशी लागतेच.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. खांबावर चढलेला माझा साडू मी दोनतीनदा खालून पाहिला आहे, आणि तो माणूस वेगळाच होता. कमरेला पट्टा, खिशात पकड, आणि चढणं असं की खांबाला कळूही नये. खाली ज्याचं तोंड मिनिटभर बंद राहत नाही तो वर गेला की एक शब्द बोलायचा नाही. वादळानंतर लोक खाली माना वर करून उभे असायचे आणि हा वर आपला शांत. त्याच्या आयुष्यात खरं सांगायला पुरेल एवढी ती एकच जागा होती, आणि नेमकी तिच्याबद्दल तो कधी बढाई मारायचा नाही.

तर अशा या माणसानं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जिऊ-जित्सू नावाची जपानी कुस्ती धरली. त्याचं असं झालं की मुर्री रोडवर सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एका तरुण मुलानं हे वर्ग काढले होते. एका संध्याकाळी तिथली लाइट गेली आणि माझा साडू फ्यूज बसवायला गेला. वर जाऊन टॉर्च मारतो तर दोन माणसं गादीवर एकमेकांच्या अंगात अंग घालून पडलेली. एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेला, दुसऱ्याचं डोकं पहिल्याच्या गुडघ्यात. हा धावला. "सोडा बे, सोडा, मराल," म्हणत त्यानं एकाची तंगडी ओढली. दोघंही ओरडले. हॉलचे सर, वर्ग काढणारे तेच, गोंदियाचेच, हिंदी बोलणारे, अतिशय गरीब स्वभावाचे, त्यांनी याला समजावलं की अंकल, ही मारामारी नाही, हा खेळ आहे. याचा विश्वास बसेना. तेव्हा सरांनी याला गादीवर घेतलं आणि तीन सेकंदांत असं काही गुंडाळलं की याला आपला पाय कोणता आणि त्यांचा कोणता हे कळेना. सुटल्यावर हा दहा मिनिटं फ्यूज विसरून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं ते असं: सरांनी माझ्या ताकदीची परीक्षा घेतली आणि हात जोडून म्हणाले, अंकल, तुम्ही आलेच पाहिजे.

तो नाव नोंदवायला गेला तेव्हा त्याला सोबत करायला, खरं सांगायचं तर गंमत पाहायला, मीही गेलो. सरांनी पहिला नियम सांगितला. दुखायला लागलं, सुटता येईना, की हातानं समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थापटायचं. याला ते टॅप म्हणतात. टॅप केलं की समोरच्यानं तत्क्षणी सोडायचं, पुढं एक बोटभरही नाही. त्यात लाज नाही, इथे सगळे रोज करतात. माझ्या साडूला मराठीत कळावं म्हणून सर म्हणाले, "टॅप मतलब थाप. दर्द हुआ, कि थाप मारो."

आता मराठीच्या मास्तरासमोर असं वाक्य कुणी टाकलं तर तो काय करील? मी म्हणालो, "यांना थाप मारायला शिकवू नका सर. जन्मापासून दुसरं काही केलेलं नाही." सरांना कळलं नाही. पण देवरीकडचा एक उंच तरुण तिथे होता, पोलीस भरतीची तयारी करणारा. त्यानं त्यांना हिंदीत उलगडून सांगितलं, आणि अख्खा हॉल हसला. माझा साडूही हसला. फक्त त्याचे कान लाल झाले, आणि ते मी पाहिले. गाडीवर परत येताना तो मागे बसून होता. मुर्रीच्या वळणावर म्हणाला, "साडभाऊ, या गादीवर मी थाप मारणार नाही. एकदाही नाही." मी म्हटलं, ही आजची पहिली.

पण ती थाप नव्हती. पुढचे आठ महिने या माणसानं खरोखर थाप मारली नाही. गळ्याला विळखा बसला तरी मारली नाही, आणि दोनदा गादीवरच बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर सगळे घाबरून तोंडावर पाणी मारताहेत तर हा म्हणतो, "काही नाही जी, मी विचार करून राहिलो होतो." पोरं त्याला बिनथाप्या काका म्हणायला लागली. समोरचे बिचारे याचा चेहरा पाहून आपणच सोडून द्यायचे. त्याचा यानं घेतलेला अर्थ असा की माझ्याशी कुणाला जमत नाही.

आणि पाय! त्या आठ महिन्यांत आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. या खेळात जेवढे डाव तेवढी पायाची दुखणी, आणि माझ्या साडूला ती सगळी झाली. त्याचा त्याला कोण अभिमान. एकात म्हणे आपण उताणं पडून दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेला मिठीसारखे घालायचे, त्यानं जांघ भरते. एकात समोरच्याची मान आपल्या मांड्यांच्या तिकोनात धरायची, त्यानं गुडघ्यामागची शीर चढते. एकात त्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवून ठेवायचा, त्यानं गुडघा आतल्या अंगाला दुखतो. सोमवारी हा फेंगडा चालायचा, बुधवारी तिरपा, शनिवारी एक पाय ओढत. रस्त्यात कुणी विचारावं म्हणून मुद्दाम हळू जायचा, आणि कुणी विचारलं, काय झालं जी, की थांबून त्याला संपूर्ण डाव सांगायचा. एकदा भाजीबाजारात एका म्हाताऱ्याला नुसतं सांगून भागेना तर त्याच्याच काठीला पायात धरून दाखवलं. म्हातारा काठीवाचून उभा राहिला, याचं अर्धा तास चाललं. घरात मोहाच्या बियांचं तेल, ते टोरीचं, चोळचोळून चादरींना असा वास सुटला की माझ्या मेव्हणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याचं अंथरूण व्हरांड्यात टाकलं. तो आम्हाला म्हणाला, सरांनीच सांगितलं मोकळ्या हवेत झोपायला.

माणसाकडे पाहायची त्याची दृष्टीच बदलली. कुणी भेटला की नमस्काराच्या आधी त्याचा गुडघा पाहायचा. साहेब आले तरी हा त्यांच्या घोट्याकडे बघत उभा. सडक अर्जुनीला माझ्या भाच्याच्या लग्नात तर त्यानं कहर केला. जेवणं झालेली, मी मांडवात सतरंजीवर जरा लवंडलो होतो. चार पाव्हण्यांनी विचारलं, हे जिऊ-जित्सू काय असते. यानं शब्दानं सांगावं ना? माझाच पाय उचलला, घोटा काखेत धरला आणि मागं रेलला. माझ्या पोटरीतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे मांडव फिरला. ओरडायची लाज, व्याही समोर बसलेले. मला सरांचा नियम आठवला आणि मी त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं. सुटायच्या ऐवजी त्यानं आणखी आवळलं. मी पुन्हा थापटलं, तो आणखी खूश. शेवटी मी "अरे, मेलो" म्हणालो तेव्हा सुटलो. मी तणतणत विचारलं की नियम तुला लागू नाही काय, थाप मारली तर सोडत काऊन नाही? तो गोंधळून म्हणाला, "मले वाटलं तुम्ही पाठ थोपटून राहिले. कधी थोपटली नव्हती ना जी."

पाव्हणे पोट धरून हसले. मीही पुढे कित्येक दिवस ही गोष्ट लोकांना हसत हसत सांगितली, शिक्षकांच्या खोलीत तर साभिनय. त्यातलं शेवटचं वाक्य मी सांगताना नेहमी गाळायचो, आणि का गाळतो हे स्वतःला विचारत नव्हतो.

मेव्हणीनं मात्र हे कधी हसण्यावारी नेलं नाही. ती एकदा मुद्दाम गोंदियाला आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "भाऊजी, गुडघा गेला म्हणजे खांब गेला. खांब गेला म्हणजे हा माणूस कामातून गेला. तुमचं ऐकते तो, तुम्ही सांगा." मला गंमत वाटली. म्हटलं, माझं कधीपासून ऐकायला लागला? ती म्हणाली, तुमचंच तर ऐकते. मी सांगतो म्हणालो. सांगितलंही, पण माझ्या पद्धतीनं. म्हणजे त्याच्या तोंडावर दोन टोमणे मारले आणि कर्तव्य झालं असं समजलो. हॉलच्या सरांनी त्याला माझ्याहून नीट सांगितलं होतं. गळ्याचा डाव बसला तर माणूस झोपतो आणि उठतो. पण टाच धरून पाय पिळायचा एक डाव आहे, त्यात दुखतं नंतर आणि तुटतं आधी. कळ येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. "दर्द का इंतज़ार मत करना, अंकल," ते म्हणायचे. "गला भूल जाता है, घुटना नहीं भूलता." हे मला त्यानंच सांगितलं, आणि वर म्हणाला, माझा गुडघा चिचगडचा आहे.

मंडईचे दिवस होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि घरं पाव्हण्यांनी भरतात. मुर्रीला मेव्हणीकडे आम्ही सगळे जमलो होतो, आणि हा रविवारी सकाळी हॉलमध्ये जाऊन बसलेला. जेवायची पंगत थांबली. मेव्हणी म्हणाली, भाऊजी, घेऊन या त्याले. मी गेलो. वर बाकावर बसलो. समोर हा आणि तो देवरीकडचा उंच तरुण, दोघं एकमेकांत गुरफटलेले. मला पाहून माझ्या साडूला चेव चढला. उगाच एक उलटा पालटा डाव टाकायला गेला आणि त्या तरुणाच्या पायांत याचा उजवा पाय मांडीपर्यंत अडकला. टाच त्याच्या काखेत गेली. त्या पोरानं पिळलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि सगळ्यांना सांगत आलो आहे. नुसती धरली आणि थांबला. म्हणाला, "काका, थाप मारा जी." सर दुसऱ्या कोपऱ्यातून ओरडले, "टॅप, अंकल, टॅप."

त्याचा हात वर आला. गादीपासून वीतभर अंतरावर होता. आणि मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी हसत होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. हा हात खाली आला की 'आली एकदाची' असं म्हणायचं मी ठरवलंसुद्धा होतं. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. हात तसाच राहिला, आणि सुटण्यासाठी त्यानं सगळं अंग वळवलं, ते नेमकं उलट्या बाजूला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. त्या तरुणानं झटक्यात दोन्ही हात सोडले आणि तो पांढराफटक पडला. माझा साडू उताणा पडून छताकडे पाहत होता. मी धावत गेलो. तो म्हणाला, "काही नाही साडभाऊ, मुंग्या आल्या." मी त्या पायाकडे पाहिलं. तो पाय जिकडे पाहायला पाहिजे तिकडे पाहत नव्हता.

नागपूरला ऑपरेशन झालं. गुडघ्यातले दोन बंध तुटले होते. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, मांडी घालून बसायचं विसरा आणि खांबाचं नाव काढू नका. मेव्हणी हे ऐकून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तो कागद आला. कार्यालयात द्यायचा अर्ज, त्यात एक ओळ होती, दुखापत कशी झाली. कामावरचे मित्र त्याच्या खाटेभोवती जमून म्हणाले, सरळ लिही, खांबावरून पडलो. कामावर झालेली दुखापत धरली जाईल, सगळं सोपं होईल, आम्ही साक्ष देतो. आणि आता सांगतो, ऐका: जन्मभर दुसऱ्याच्या खोट्यावर लाल शाई ओढणारा मी, मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो, लिहून टाक. पेन मी माझ्या खिशातलं काढून दिलं. म्हटलं, एवढ्या थापा मारल्यास, ही एक कामाची मार. तो पेन हातात धरून बसला. मग म्हणाला, "सत्तावीस वर्षांत मी खांबावरून पडलो नाही. एकदाही नाही. तसं कायले लिहू?" आणि त्यानं लिहिलं, खेळताना. अक्षर वाकडं होतं, पण एकही चूक नव्हती.

खांब गेला. कार्यालयात त्याला तक्रार नोंदवायच्या टेबलावर बसवलं. फोन येतो, लाइट गेली म्हणून लोक ओरडतात, आणि आपण सांगायचं की येऊन राहिली. मला वाटलं, चला, हे काम तर याच्यासाठीच निघालं आहे. दिवसभर थापा मारायच्या, त्याही सरकारमान्य. हा विनोद मी मेव्हणीला ऐकवायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो. कारण तो व्हरांड्यात खुर्चीवर पाय लांब करून बसला होता आणि माझ्या पुतणीची लेक, दोन दिवसांसाठी आलेली, त्याला अस्वलाची गोष्ट सांगा म्हणून मागे लागली होती. त्यानं सांगितली. "एक अस्वल होतं बाई. खाली आलं. थोडं थांबलं, आन् निघून गेलं." पोरगी म्हणाली, मग? तो म्हणाला, मग काही नाही, मी उतरलो. मी दारातच उभा राहिलो. वीस वर्षं ज्या अस्वलांना मी हसलो, ती सगळी अशी एकदम गेलेली पाहून मला गलबलून आलं. वाटलं, मान हलवणारं ते मोठं अस्वल कुणी परत आणून द्यावं, मी एक अक्षर बोलणार नाही.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी जोराचं वारं सुटलं आणि लाइट गेली. गोंदियातला मे म्हणजे काय ते इथल्यालाच माहीत. कूलर बंद पडला की घराची भट्टी होते. अर्धा तास वाट पाहून मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. अशा वेळी काय ऐकू येतं हे आपल्याला पाठ असतं: काम चालू आहे, पंधरा मिनिटांत येईल. फोन उचलला गेला. आवाज त्याचा होता. मी नाव सांगायच्या आत तो बोलायला लागला, शांतपणे, जसा तो कधीच बोलत नव्हता तसा. "नाल्याजवळचा खांब वाकला हाय जी. आज संध्याकाळपर्यंत काही लाइट येत नाही. उगाच वाट नका पाहू. टाकीत पाणी असल तर जपून वापरा. घरी म्हातारं माणूस, लहान लेकरू असल तर ओला कपडा करून द्या." मग म्हणाला, "कोण बोलून राहिले?"

मी म्हणालो, मी बोलतोय.

"साडभाऊ काय," तो म्हणाला. "तुमच्याकडेबी गेली काय?"

गेली म्हणालो. नाल्याजवळचा खांब म्हणजे त्याचाच, दर वादळाला तोच चढायचा. मी विचारलं, गुडघा कसा आहे? गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न मी त्याला निदान वीसदा विचारला असेल, आणि वीसही वेळा तो म्हणाला होता, ठणठणीत, डॉक्टरलाच नवल वाटून राहिलं. मीही दर खेपेला ते ऐकून सुटल्यासारखा व्हायचो. या खेपेला ते ठणठणीत आलं नाही. मागे दुसरा कुठलातरी फोन वाजत होता, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं.

"दुखते जी," तो म्हणाला. "खांबाचं नाव निघालं का लय दुखते."

मी पहिल्यांदाच त्याला म्हणालो की चुकलं माझं, त्या दिवशी मी हसायला नको होतं. तो घाईघाईनं नाही नाही म्हणाला, तसं काही नाही जी. त्याच्या मागचा फोन वाजतच होता. म्हणाला, लोकं वाट पाहून राहिले, ठेवतो. मी म्हटलं, संध्याकाळी येतो मुर्रीला. त्यानं विचारलं, काऊन, काही काम हाय काय? मी म्हटलं, काम काही नाही. नुसता येतो.